गारगोटी रोडला उताराचा प्लॉट: अर्धा मुरूम, अर्धी काळी, पश्चिमेला डोंगर. घर कुठं नि कसं बसवावं?

माळावरचा

कळंब्याच्या पुढं, गारगोटी रोडपासून थोडं आत ६० × ८० फुटांचा एनए प्लॉट आहे. रस्ता पूर्वेला (६० फुटांची बाजू), खोली ८० फूट, आणि रस्त्याकडून मागं पश्चिमेला एकूण साडेपाच फूट उतार. जेसीबीनं तीन खड्डे घेतले: रस्त्याकडं दीड फुटावरच कडक मुरूम, मध्यभागी अडीच फूट काळी आणि खाली मुरूम, पश्चिमेच्या टोकाला पाच फुटांपर्यंत काळीच. मागं मोकळं रान आणि लांबवर डोंगर. त्या नजाऱ्यासाठीच ही जागा घेतली.

गरज चौघांची. तळमजला १२०० चौ. फूट, नंतर कधीतरी वर दोन खोल्यांची माडी. एसी लावायचा नाही असं ठरवलंय. पहिल्या आराखड्यात घर प्लॉटच्या बरोबर मध्यावर आहे, मागची बाजू भराव टाकून सपाट केली आहे, आणि हॉलला पश्चिमेला १२ फूट रुंद, ७ फूट उंच सरकती काच आहे. भिंती जांभ्याच्या, बाहेरून गिलावा नाही.

विचारायचं ते असं: पाया अर्धा मुरमावर नि अर्धा काळीवर आला तर चालतं का? पश्चिमेची काच ठेवावी का? उघडा जांभा कोल्हापूरच्या पावसात ओल धरतो का? कौलं घालावीत की स्लॅब? पावसाचं पाणी साठवायचं तर टाकी केवढी?

वडिलांचा आग्रह पूर्वेच्या दाराचा आणि आग्नेयेच्या स्वयंपाकघराचा आहे, त्यावर वाद नको.

---

सळईवाला

आधी पाया, कारण बाकीचं नंतर बदलता येतं, हे येत नाही.

अर्धं घर मुरमावर आणि अर्धं काळीवर हा सगळ्यात वाईट पर्याय. सगळं घर काळीवर असतं तरी ते निदान बऱ्यापैकी एकसारखं हललं असतं. इथं पूर्वेची बाजू जागची हलणार नाही, पश्चिमेची पावसाळ्यात फुगेल आणि मार्च-एप्रिलमध्ये आक्रसेल. दोन-तीन वर्षांत घराच्या मधोमध, खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा येतात. लोक त्या दरवर्षी पुट्टीनं भरतात आणि दरवर्षी त्या परत येतात.

भरावाचं त्याहून अवघड. काळीवर तीन-चार फूट मुरूम ओतून त्यावर फरशी केली, तर खालची काळी हलायची थांबत नाही आणि वरचा भराव बसत राहतो. भिंती पायावर उभ्या राहतात, फरशी मात्र खचते किंवा फुगते, आणि स्कर्टिंगखाली बोट जाईल एवढी फट पडते.

उपाय सोपा आहे. घर पूर्वेला सरकवा. रस्त्याकडून नियमाप्रमाणे सोडायची जागा सोडा, ती १५ फूट धरू. घर उत्तर-दक्षिण ४० आणि पूर्व-पश्चिम ३० फूट ठेवलं तर ते रस्त्यापासून १५ ते ४५ फुटांच्या पट्ट्यात बसतं. तुमच्या उताराच्या हिशोबानं त्या ३० फुटांत जमीन दोन फूट उतरते. मग दोन फूट भराव कशाला? घरच दोन पातळ्यांवर करा: दार, स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या वर आणि हॉल दोन फूट खाली. सहा इंचांच्या चार पायऱ्या. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याची खोली आणि एक संडास-बाथरूम दाराच्याच पातळीवर असू द्या.

पाया सगळीकडं कडक मुरमात किमान दीड फूट घुसला पाहिजे. म्हणजे पूर्वेला तीन फूट आणि पश्चिमेच्या कडेला साडेचार-पाच फूट खोल. मधे पाया पायरीपायरीनं उतरवा, एका पायरीला दीड फुटापेक्षा जास्त नको. घराच्या आतली सगळी काळी काढून टाका. जोत्यात मुरूम सहा-सहा इंचांच्या थरानं, पाणी मारून, धुमसानं ठोकून भरा. चर भरताना मात्र उकरलेली काळीच परत ढकलायची सवय असते, ती होऊ देऊ नका. नाहीतर पावसाचं पाणी तिथंच मुरून पायाला चिकटून बसतं.

माती किती फुगते ते साध्या परीक्षेत कळतं. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली १०-१० ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यायची, एकात डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात रॉकेल १०० मिलिपर्यंत. २४ तासांनी आकारमान बघायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातलं आकारमान रॉकेलमधल्यापेक्षा ५० टक्क्यांपर्यंत जास्त असेल तर निभावतं, १००च्या वर गेलं तर जपून. शहरातल्या कुठल्याही माती-परीक्षण प्रयोगशाळेत हे करून मिळतं. तीनही खड्ड्यांतले नमुने वेगळे द्या, एकत्र कालवून नाही.

---

वळचण

सळईवाल्यांच्या मांडणीला धरूनच पुढं सांगते.

पश्चिमेच्या काचेचा नाद नको! १२ × ७ म्हणजे ८४ चौ. फूट काच. एप्रिलमध्ये दुपारी चारच्या सुमाराला त्यातून तीन ते चार किलोवॅट उष्णता आत येते. पाणी तापवायच्या दोन कॉइल हॉलमध्ये चालू ठेवल्यासारखंच. शिवाय जून ते सप्टेंबर पाऊस नैर्ऋत्य-पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. सरकत्या काचेच्या खालच्या रुळात पाणी साठतं आणि वाऱ्याच्या दाबानं आत ढकललं जातं. म्हणजे एकच बाजू ऊनही खाते आणि झडही.

छज्जा मोठा करून भागत नाही. आपण साधारण १६.७ अंश अक्षांशावर आहोत. दक्षिणेच्या खिडकीला दोन फूट छज्जा पुष्कळ होतो: मार्चच्या विषुवदिनी भर दुपारी सूर्य ७३ अंशांवर असतो, तेव्हा त्या छज्जाची सावली साडेसहा फूट खाली पडते. डिसेंबरात सूर्य ५० अंशांवर येतो, सावली सव्वादोन-अडीच फुटांवर थांबते आणि खालच्या भागातून ऊन आत येतं, जे थंडीत हवंच असतं. पश्चिमेला मात्र सूर्य ३० अंशांवर आला की दोन फुटी छज्जाची सावली फक्त १४ इंच. उत्तरेलाही फूट-दीड फूट छज्जा द्या, कारण मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. हे बरेच जण विसरतात.

पश्चिमेला लागतो तो सोपा, म्हणजे छपराची पडवी. हॉलच्या पुढं आठ फूट खोल सोपा घ्या आणि त्याची वळचण सात फुटांवर आणा, त्याहून वर नको. एप्रिलमध्ये साडेचारला सूर्य साधारण ३२ अंशांवर असतो. या मापात तेव्हा ऊन हॉलच्या भिंतीच्या खालच्या दोन फुटांनाच लागतं. साडेपाचला ते सव्वाचार फुटांपर्यंत चढतं, त्यासाठी वळचणीला बांबूच्या चिका (गुंडाळायचे पडदे) सोडा. पाच ते साडेसहा खाली, नंतर गुंडाळून वर. पावसाळ्यात त्याच चिका झड अडवतात.

नजारा जाईल असं वाटेल, पण डोंगर क्षितिजावर असतो, डोक्यावर नाही. बसलेल्या माणसाची नजर साडेतीन-चार फुटांवर असते. सात फुटांच्या वळचणीखालून डोंगर पूर्ण दिसतो, फक्त वरचं चकाकणारं आभाळ कापलं जातं. आणि तेच डोळ्यांना त्रास देतं. हॉल दोन फूट खाली असल्यानं वरच्या पातळीवरूनही तो दिसेल.

वारा: उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेकडून झुळूक येते. इथं एप्रिलमध्ये दुपारी ३७-३८ अंश तापलं तरी पहाटे २१-२२ पर्यंत उतरतं, आणि एसीशिवाय राहायचं तर याच फरकावर भिस्त. दिवसा खिडक्या बंद, रात्री उघड्या, भिंती जड. खिडकीसमोर खिडकी हवी, आणि हवा बाहेर जायची झडप आत यायच्या झडपेपेक्षा उंच. तुमच्या दोन पातळ्यांच्या घरात हे आपोआप जमतं: हॉलच्या खिडक्या खाली, झोपायच्या खोल्यांत छताखाली १२ इंची झडपा, जाळी लावून. आग्नेयेचं स्वयंपाकघरही वाऱ्याच्या खालच्या अंगाला येतं, धूर घरात फिरत नाही. वडिलांचं बरोबर आहे.

पूर्वेला छज्जा विसरू नका. वळीव बहुधा पूर्वेकडूनच येतो, कधी गारांसकट.

---

माळावरचा

सोपा पटला. पण त्याचे खांब तर रस्त्यापासून ५३ फुटांवर येणार, म्हणजे काळीत. तिथं परत तोच प्रश्न ना?

---

सळईवाला

हो, तोच, म्हणून सोप्याचे खांब घरापासून वेगळे समजा. प्रत्येक खांबाचा खड्डा काळी पार करून मुरमापर्यंत, तुमच्याकडं चार फुटांच्या आसपास मुरूम लागेल, त्यात पुढं दीड फूट. खांब जोडणारी तुळई जमिनीवर टेकवू नका. तिच्याखाली तीन इंच मोकळी फट ठेवा, कडेला विटेची पडदी लावून झाका. काळी फुगली तर त्या फटीत फुगेल, तुळई उचलणार नाही. सोप्याचं छप्पर हलकं ठेवा, वासे भिंतीतल्या पाटावर नुसते टेकू द्या, आरसीसीत घट्ट अडकवू नका. फरशी म्हणून सिमेंटचा कोबा नको, मुरूम-वाळूवर सुट्या शहाबादी. हलल्या तर काढून परत बसवता येतात.

मुरूम सहा-सात फुटांवर गेला असता तर अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर असलेले, जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) सांगितले असते. इथं गरज नाही, उगाच खर्च.

---

चिरेबंदी

जांभ्याबद्दल. चांगला जांभा कोल्हापूरच्या पावसाला घाबरत नाही, वाईट जांभा मात्र स्पंजासारखा पाणी पितो. आणि बाजारात दोन्ही एकाच नावानं येतात.

परीक्षा अशी. ट्रकमधून वेगवेगळ्या थरांतले पाच-सहा चिरे काढा, नीट वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून परत वजन करा. जांभ्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ३६२०) पाणी शोषण वजनाच्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त नको. ३० किलोचा चिरा ३३.६ किलोच्या वर गेला तर माल परत. पांढरट-पिवळे मऊ डाग, म्हणजे आत शाडूसारखी माती, असलेले चिरे बाजूला काढा. पावसात पहिले तेच झिजतात. खाणीतून ताजा काढलेला जांभा मऊ असतो, हवेत राहून कडक होतो. म्हणून आणल्यावर निदान महिनाभर सुटा रचून ठेवा. पावसाळ्यात खाणी बंद असतात, खरेदी त्या हिशोबानं.

जोतं जांभ्याचं करू नका. जमिनीपासून दोन-अडीच फूट काळा दगड, त्यावर दोन इंची ओलरोधक काँक्रीटचा थर (१:१½:३, वॉटरप्रूफिंग पावडर घालून), मग जांभा. ओल खालून चढते आणि लोक दोष वरच्या पावसाला देतात.

मसाला १:६ पेक्षा तेज नको. १:४ चा मसाला चिऱ्यापेक्षा कडक होतो, मग भेग दरजेतून (दोन चिऱ्यांमधल्या सांध्यातून) न जाता चिऱ्यातून जाते. चिरा लावण्याआधी पाण्यात भिजवायचा, कोरडा चिरा मसाल्यातलं पाणी ओढून घेतो आणि मसाला भुगा राहतो. दरजा आत दाबून, घासून भरा. बाहेर फुगवलेली दर दिसायला ठसठशीत, पण तिच्या वरच्या कडेवर पाणी थांबतं आणि तिथूनच आत शिरतं.

उघडा जांभा तिन्ही बाजूंना चालेल. पश्चिमेला सोपा आहे म्हणून तिथंही चालेल. उरतो नैर्ऋत्येचा कोपरा, जिथं सोपा संपतो आणि झड थेट भिंतीवर बसते. सोप्याचं छप्पर तिथं वळवून दक्षिणेला चार फूट न्या. ते जमत नसेल तर तेवढ्या पट्ट्याला बाहेरून चुन्याचा गिलावा. रंगहीन सिलिकॉनचे लेप लोक मारतात, पण ते काही वर्षांनी परत मारावे लागतात. आधी दरजा नीट नसतील तर लेपामुळं आत गेलेलं पाणी बाहेरही येत नाही.

काळ्या मातीच्या दाबलेल्या विटा करू का, असं पुढं कुणीतरी विचारेलच. नाही. दाबलेल्या सिमेंट-मातीच्या विटेला चिकणमाती साधारण १५ टक्क्यांच्या आत आणि वाळू भरपूर लागते. काळी वाळताना फुटते. मुरूम चाळून त्यात वाळू मिसळून आतल्या पडदीच्या विटा होतील, ७-८ टक्के सिमेंट, तीन आठवडे पाणी. पण एवढ्या घरासाठी यंत्र आणणं परवडत नाही.

---

सळईवाला

एक भर. भारवाही जांभ्याच्या भिंती असतील तर पट्टे चुकवू नका. कोल्हापूर भूकंपाच्या झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येतं आणि कोयना लांब नाही. जोत्यावर, लिंटेलला (खिडकी-दारांच्या डोक्यावर) आणि छताखाली असे तीन आरसीसी पट्टे, सगळ्या भिंतींवरून अखंड फिरलेले, कोपऱ्यात सळया वळवून एकमेकांत गुंतवलेल्या. लिंटेलचा पट्टा फक्त खिडकीपुरता टाकून सोडतात, त्याचा काही उपयोग नाही. कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आत खिडकी-दार नको. दोन पातळ्यांच्या घरात जिथं पातळी बदलते तिथं पट्टा तुटतो, म्हणून त्या रेषेवर भिंत घ्या आणि तिथं दोन्ही पट्टे उभ्या सळयांनी जोडा. माडी पुढं करायची असली तरी तिचं वजन आजच पायात धरायला सांगा.

---

परसदार

पाणी. इथं तीन वेगळी पाणी आहेत आणि सगळेजण ती एका पाइपात घालतात.

पहिलं, रस्त्याकडून उतारानं येणारं. घराच्या पूर्वेला, भिंतीपासून पाच-सहा फूट सोडून, दीड फूट रुंद चर घ्या. तळ पक्का, १०० फुटांत एक फूट उतार. दोन्ही बाजूंनी घराला वळसा घालून मागं सोडा. हे केलं नाही तर जोतं कितीही चांगलं असो, वरच्या पातळीची मागची भिंत ओलीच राहणार.

दुसरं, छपराचं. शहरात वर्षाला साधारण १००० मिमी पाऊस, त्यातला बराचसा जून ते सप्टेंबर. १२०० चौ. फूट म्हणजे १११ चौ. मीटर, वाया जाणारं धरून ८० टक्के, म्हणजे वर्षाला जवळजवळ ८९,००० लिटर. एवढं साठवायला जाऊ नका. फक्त प्यायचं-स्वयंपाकाचं साठवा: चार माणसं, दिवसाला दहा-दहा लिटर, फेब्रुवारी ते मे १२० दिवस, मिळून ४,८०० लिटर. ५,००० लिटरची टाकी बास. ती पुरातही उपयोगी पडते. पंचगंगा चढली की उपसा केंद्रं पाण्यात जातात आणि तुमच्या अंगणात पूर नसला तरी नळ बंद पडतो. २०१९ आणि २०२१ ला शहरानं ते बघितलंय. पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घेऊ नका. छपरावरचा पहिला एक मिलिमीटर म्हणजे ११० लिटर, तेवढं बाजूच्या उभ्या पाइपात अडकवून सोडून द्या.

चार इंची उभा पाइप ताशी १०० मिमीच्या सरीत साधारण ४५० चौ. फूट छप्पर सांभाळतो. तुम्हाला किमान तीन लागतील. दोन टाकले तर पन्हळ तुंबून पाणी भिंतीवर ओघळतं. आणि उघड्या जांभ्यावर ते ओघळ कायमचे काळे राहतात.

टाकी भरल्यावरचं पाणी बोअरच्या पुनर्भरणाला. खड्डा चार बाय चार, सहा फूट खोल. तळाला मोठे दगड, वर ४० मिमी खडी, मग २० मिमी, सगळ्यात वर जाड वाळू. केसिंगला (बोअरच्या पाइपाला) भोकं पाडून नायलॉनची जाळी गुंडाळा. वाळूचा वरचा थर दर पावसाळ्याआधी काढून धुवायचा. अंगणातलं गढूळ पाणी त्यात कधीही सोडू नका, एका मोसमात बोअर गाळानं बसतो.

तिसरं, सांडपाणी. काळीत शोषखड्डा चालत नाही. करायचाच तर आधी बघा: फूटभर रुंद, दोन फूट खोल खड्डा आदल्या दिवशी पाण्यानं भरून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी परत भरून पाणी एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तासाच्या वर गेलं तर शोषखड्डा विसरा. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी चाळणीतून, तेलाच्या सापळ्यातून खडीच्या वाफ्यात सोडा: दहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट खोल, तळाला जाड प्लॅस्टिक, वर कर्दळ. तिथून केळींना.

पश्चिमेला झाड लावणार असाल तर बहावा नको. दिसायला देखणा, पण ऊन रणरणतं तेव्हाच त्याची पानं गळलेली असतात. आंबा किंवा करंज लावा, घरापासून किमान २५ फूट लांब. काळीत मोठ्या झाडाची मुळं पाणी ओढतात तशी माती आक्रसते.

---

सळईवाला

पुनर्भरणाचा खड्डाही पायापासून १५ फूट लांब, आणि घराच्या उताराकडच्या बाजूलाच. वरच्या बाजूला घेतलात तर तेच पाणी मुरमातून पायाखाली येईल.

---

वळचण

छपराचा प्रश्न राहिला. सोप्याला कौलं, घराला स्लॅब. माडी करायची आहे तर दुसरा पर्याय नाही. पण साधा स्लॅब टाकू नका, फिलर स्लॅब टाका. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फक्त सळया धरून ठेवतं, तिथं मंगलोरी कौलं दोन-दोनच्या जोडीनं घातली की काँक्रीट वाचतं आणि आतली हवा थोडी उष्णता अडवते. कौलांच्या जोड्यांमध्ये चारही बाजूंना किमान चार इंच जागा हवी, सळया त्या जागेतूनच जातात. कौलं आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवायची. कोरडी घातली तर काँक्रीटचं पाणी पिऊन टाकतात आणि खाली सळया उघड्या पडतात. दिव्यांचे पाइप कौलं मांडतानाच, नंतर छिन्नी नाही. बाथरूमवर आणि बाहेर आलेल्या भागात फिलर नको.

वर विटांचा कोबा, १०० ला १ उतार, आणि शेवटी पांढरा चायना मोझॅक (फुटक्या चकचकीत टाइलांचा थर). माडी होईपर्यंत तो उन्हाचा मोठा भाग परत फेकतो. माडीच्या सळया बाहेर काढून ठेवल्यात तर त्यांना सिमेंटची लापशी फासून झाका. नाहीतर गंजाचं पाणी स्लॅबमध्ये उतरतं.

कौलांना उतार ३० अंश ठेवा, झडीत कमी उतारावरून पाणी मागं चढतं. रिपांमधलं अंतर पुस्तकात बघून मारू नका, आणलेलं कौल हातात घेऊन मोजा, कारखान्यागणिक ते बदलतं. आणि कळंब्याच्या बाजूला माकडं असतील तर शे-दीडशे कौलं जास्तीची आणून ठेवा.

---

माळावरचा

सोलरचं कुणीच बोललं नाही?

---

परसदार

त्यात फार विचार नाही. तीन किलोवॅटला साधारण ३०० चौ. फूट सावलीरहित छत, पॅनल दक्षिणेला तोंड करून १५-१७ अंशांवर. पावसाळा सोडला तर एका किलोवॅटला दिवसाला चार युनिट धरा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. फक्त माडी कुठं होणार ते आधी ठरवा, नाहीतर तिचीच सावली पॅनलवर. माडी उत्तरेच्या अर्ध्यात घ्या आणि पॅनल दक्षिणेच्या.

---

चिरेबंदी

कामाचा क्रम बिघडवू नका. जांभा एप्रिल-मेमध्ये आणून रचून झाकून ठेवा. पाया दिवाळीनंतर खणा. काळीतले चर उघडे टाकून आठवडाभर थांबायचं नाही, कडा वाळून ढासळतात. खणलं की दोन-तीन दिवसांत तळाचं काँक्रीट. स्लॅब मार्चअखेर टाकलात तर दोन आठवडे पाणी धरून ठेवायला टँकर सांगून ठेवा. सोप्याची कौलं वळीव सुरू व्हायच्या आत चढली पाहिजेत, कारण नैर्ऋत्येच्या भिंतीच्या दरजा त्यानंतरच भरायच्या आहेत.